बर्फ जातो कुठे? बोटीतल्या खणाची गोष्ट

(आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळलेलं आणि मध्येच आलेले हॉर्नचे आवाज काढून टाकलेत.)

लोकलमध्ये लटकत ऐकताय, की जेवून आडवे पडून? जिथे असाल तिथे मस्त राहा.

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. मासेमारीची बोट समुद्रात किती लांब जाऊ शकते, हे कशावर ठरतं? बहुतेक जण म्हणतील डिझेलवर. कोणी म्हणेल, इंजिन किती ताकदीचं आहे त्यावर. मीपण लहानपणी हेच म्हणायचो. पण आमच्या घरी ते बर्फावर ठरायचं. बाबा खणाचं झाकण उचलून आत वाकून बघायचे आणि म्हणायचे, "बरफ सरला." संपलं. जाळ्यात मासळी लागत असली तरी बोट मागे वळायची. टाकीत डिझेल असायचं, डब्यात तांदूळ असायचा, पण बर्फ नाही म्हणजे घरी.

तर आजचा भाग या बर्फाबद्दल. बोटीत जो बांधलेला बर्फाचा खण असतो, त्यात अन्न थंड कसं राहतं, कसं बिघडतं, आणि माझ्या एका मूर्खपणामुळे आमच्या घरात काय झालं, तेही सांगणार आहे.

आधी जागा सांगतो. मी उरण तालुक्यातल्या एका कोळीवाड्यातला. आमचं मूळ घर शेव्याचं. अटल सेतूवरून शिवडीकडून आलात, की पलीकडे उतरताना मोठमोठ्या क्रेन दिसतात बघा, तोच आमचा पट्टा, न्हावा शेवा. बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं. माझा जन्म त्यानंतरचा, म्हणून खाडी पूर्वी कशी होती हे मी फक्त ऐकलंय. आजोबा सांगायचे, सकाळी होडी घेऊन जायचं आणि दुपारच्या आत परत यायचं. टोपलीत म्हावरं, वर ओलं गोणपाट. बर्फ लागायचाच नाही. बाबांच्या काळात खाडीतली जागा कमी झाली, मग बोटी बाहेर जायला लागल्या. एका दिवसाची फेरी दोन दिवसांची, मग चार दिवसांची झाली. आणि दिवस वाढले तसा बर्फ महत्त्वाचा झाला.

आता गंमत बघा. मी आयटीआयमधून रेफ्रिजरेशन आणि एसीचा कोर्स केला आणि एका कंत्राटदाराकडे रीफर कंटेनरच्या कामाला लागलो. रीफर म्हणजे थंड कंटेनर. नाशिकची द्राक्षं, गोठवलेली कोळंबी, असला माल यातून परदेशात जातो. यार्डात रांगेने उभे असतात, प्रत्येकाला विजेचा प्लग लावलेला. गोठवलेला माल असेल तर आत उणे १८ अंश. रात्रभर त्यांची घरघर चालू असते. आणि तिथून थोड्याच अंतरावर, खाडीच्या पाण्यात, माझ्या बाबांची बोट. तिच्यात प्लग नाही, कॉम्प्रेसर नाही. एक लाकडी खण, बर्फ आणि एक झाकण.

खण कसा असतो, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोटीच्या पोटात फळ्या मारून कप्पा केलेला असतो. तो उचलून बाहेर काढता येत नाही, बोटीबरोबरच बांधलेला असतो. आमच्या जुन्या खणाला दोन फळ्यांच्या मध्ये थर्माकोल भरला होता, दोन इंच. वर झाकण. मोठ्या बोटींना असे बरेच खण असतात. आमची बोट छोटी, त्यामुळे एकच. आतून साधारण चार फूट लांब, सव्वातीन फूट रुंद आणि तेवढाच खोल. निघण्याआधी धक्क्यावर लादी क्रशरमध्ये घालून चुरा करायचा आणि खणात ओतायचा. साधारण ३०० किलो. मासळी येईल तशी त्यात भरायची. झालं.

आता ती फेरी.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, ऑक्टोबर महिना. ऑक्टोबर हीट म्हणजे काय ते तुम्हाला माहिती आहे. वारा पडलेला, डोक्यावर ऊन, समुद्राचं पाणीसुद्धा कोमट. मला सुट्टी होती आणि आमचा एक खलाशी गावी गेला होता, म्हणून मी बोटीवर गेलो. मी, बाबा, काका आणि अजून एक जण.

मी काय केलं? धक्क्यावरून निघताना कोल्ड्रिंकच्या आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या, चांगल्या डझनभर, आणि सरळ बर्फात खुपसल्या. नवीन नवीन नोकरी लागलेली, म्हटलं आपल्या लोकांची पार्टी. बाटल्या गरम होत्या. मग दर अर्ध्या तासाने कोणीतरी झाकण उघडणार, बाटली काढणार, घोट घेणार, परत ठेवणार. बऱ्याच वेळा तो कोणीतरी म्हणजे मीच. काका सारखे ओरडत होते, "झाकन लाव रं!" मी लावायचो, पण पूर्ण नाही. एक कोपरा उचललेलाच राहायचा, म्हणजे पुढच्या वेळी पटकन हात घालता येईल.

दुसऱ्या दिवशी जाळं चांगलं भरलं. बांगडा, थोडी सुरमई आणि पापलेटसुद्धा. आम्ही खुशीत. मासळी डेकवर ओतली आणि निवडत बसलो. आरामात, गप्पा मारत, भर उन्हात. तासभर तरी गेला असेल. मग ती तापलेली मासळी खणात टाकली, वरून दोन फावडी बर्फ मारला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी झाकण उघडलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते काही बोलले नाहीत. आत हात घातला, कोपरापर्यंत, आणि हात बाहेर काढला तर त्याला लालसर पाणी. बर्फ वरवर होता, खाली पाणीच पाणी. खालची मासळी त्या पाण्यात पोहत होती. अजून एक रात्र थांबायचं ठरलं होतं. बाबांनी इंजिन सुरू केलं आणि बोट वळवली.

करंज्याला पोहोचलो तेव्हा पहाट झाली होती. आई धक्क्यावर उभी. माझी आई मासळी विकते, तीस वर्षं झाली. तिने काही विचारलं नाही. एक बांगडा उचलला, अंगठ्याने पोटावर दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. ताजा मासा दाबला तर वर येतो, हा नाही आला. कल्ला उघडून बघितला, नाकाजवळ नेला. दुसरा उचलला, तिसरा उचलला.

बाबा म्हणाले, वरची मासळी चांगली आहे, खालची थोडी थोडी मिसळून टाकू. बाजारात असं कोणी करत नाही असं नाही. डिझेल, बर्फ, खलाशाचा वाटा, सगळं डोक्यावर होतं. बाबांची चूक होती असं मी म्हणणार नाही, त्यांना समोर हप्ता दिसत होता.

आई म्हणाली, "यो म्हावरा मी इकनार नाय."

एवढंच. वरची पापलेटं आणि सुरमई तिने टोपलीत घेतली. बांगडा जवळजवळ सगळा खताच्या भावात गेला. त्या फेरीत डिझेलचेसुद्धा पैसे सुटले नाहीत.

आईला त्यामागचं शास्त्र माहिती नव्हतं, पण ती बरोबर होती. बांगडा, टूना या जातीचा मासा गरम राहिला की त्यात जंतू वाढतात आणि हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार होतं. ते खाल्लं की तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, उलट्या होतात. आणि महत्त्वाचं ऐका: मासा कितीही शिजवा, तळा, हे हिस्टामीन जात नाही. जंतू मरतात, पण त्यांनी केलेलं विष तिथेच राहतं. म्हणजे आईने त्या दिवशी मिसळून विकलं असतं, तर कोणाच्या तरी घरात पोरं आजारी पडली असती. तिची गिऱ्हाईकं ठरलेली. त्या पोरांना ती नावाने ओळखते.

मी त्या रात्री झोपलो नाही. दिवसा मी उणे १८ अंशाचे कंटेनर सांभाळतो, आणि माझ्या बापाच्या बोटीतला बर्फ माझ्याच कोल्ड्रिंकमुळे वितळला. वा रे टेक्निशियन!

दुसऱ्या दिवशी कामावर आमच्या सीनियरना सगळं सांगितलं. सर म्हणजे रीफरमध्ये केस पिकवलेला माणूस. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तुझा बर्फ गेला कुठे?" मी म्हटलं, वितळला. "वितळला हे कळलं. कशासाठी वितळला?" मला उत्तर देता येईना. मग त्यांनी कागद काढला, आणि आम्ही हिशोब मांडला. तो हिशोब तुम्हाला सांगतो. गणित म्हणून घाबरू नका, किराणा मालाचा हिशोब करता येतो तर हाही येईल.

पहिली गोष्ट. थंडी नावाची वस्तू नसते. असते ती उष्णता, आणि ती सारखी गरम जागेकडून थंड जागेकडे पळत असते. बर्फ काय करतो? आलेली उष्णता गिळतो आणि गिळताना वितळतो. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता गिळतो. हा आकडा लक्षात ठेवा, ८०. याला तुमच्या खिशातले पैसे समजा. प्रत्येक किलो बर्फ म्हणजे ८० रुपये. आता हे रुपये कुठे कुठे खर्च होतात ते बघू.

खर्च एक: मासळी थंड करणं. एक किलो मासळी २८ अंशावरून शून्यावर आणायला साधारण २४ रुपये लागतात. म्हणजे एक किलो मासळीला ३०० ग्रॅम बर्फ. आमच्या त्या फेरीत मासळी असेल अडीचशे किलो. म्हणजे तिला थंड करायला बर्फ लागला फक्त ७५ किलो! आणि आम्ही नेला होता ३०० किलो. मग बाकीचा सव्वादोनशे किलो कुठे गेला?

खर्च दोन: भिंती. चारही बाजूंनी, खालून, वरून उष्णता आत झिरपते. दिवसरात्र. आमच्या खणाचं सगळं अंग मोजलं तर साधारण सात चौरस मीटर. बाहेर ३२ अंश, आत शून्य. नुसत्या दोन इंची लाकडाच्या भिंती असत्या, तर एका दिवसात सव्वाशे किलो बर्फ फक्त भिंतींनी खाल्ला असता. एका दिवसात! त्याच जागी दोन इंच कोरडा थर्माकोल असेल तर चाळीस किलोच्या आत. आणि चार इंच पफ, म्हणजे फ्रिजच्या आणि रीफरच्या भिंतीत जो पिवळसर फोम असतो तो, असेल तर चौदा-पंधरा किलो. सव्वाशे, चाळीस, पंधरा. खण तोच, समुद्र तोच.

खर्च तीन: झाकण आणि बाकीची उधळपट्टी. गरम बाटल्या, उघडं झाकण, वर तापलेला डेक. थंड हवा जड असते, ती खणात खाली बसून राहते, हे खरं. पण झाकण उघडून आत हात घालून ढवळलं की ती बाहेर जाते आणि दमट गरम हवा आत येते. आपल्या किनाऱ्यावरची हवा दमट. ती बाष्प घेऊन येते, ते बर्फावर जाऊन पाणी होतं, आणि ते होतानासुद्धा उष्णता सोडतं. म्हणजे दुहेरी मार.

सर म्हणाले, "बघ, तुझा बहुतेक बर्फ माशांवर खर्चच होत नाही. तुझ्या डब्याच्या चुका भरण्यात जातो." मला हे वाक्य आयुष्यभर पुरेल. कारण आमच्याकडे काय व्हायचं? मासळी खराब झाली की पुढच्या वेळी बर्फ जास्त घ्यायचा. अजून खराब झाली, अजून जास्त. भोक असलेल्या बादलीत जास्त पाणी ओतत बसायचं, तसं.

त्यांनी अजून एक सांगितलं. रीफरसुद्धा गरम माल थंड करायला बनवलेला नसतो. थंड माल थंड ठेवायला असतो. म्हणून द्राक्षं आधी बाहेर थंड करतात आणि मग कंटेनरमध्ये भरतात. लोकांना वाटतं मशीन आहे ना, करेल थंड. आणि आम्ही काय केलं होतं? तासभर उन्हात तापलेली मासळी खणात टाकली होती.

घरी आलो आणि बाबांना म्हटलं, खणाची फळी काढून बघू. ते नको म्हणाले. काका म्हणाले, काढू दे. आम्ही इंजिनच्या बाजूची एक फळी उचकटली. आतला थर्माकोल हातात घेतला आणि मला कळलं. थर्माकोल म्हणजे काय, फुंकर मारली तर उडायला पाहिजे. तो तुकडा जड होता. दाबला तर पाणी गळलं. किती वर्षांचं खारं पाणी त्यात मुरलं होतं देव जाणे. थर्माकोल थंडी धरतो ते त्यात अडकलेल्या हवेमुळे. हवेच्या जागी पाणी आलं की तो आवरण म्हणून जवळजवळ संपला. म्हणजे आमचा चाळीस किलोचा हिशोबसुद्धा कागदावरच. खरा खर्च कितीतरी जास्त. आणि त्या फळीच्या पलीकडे तापलेलं इंजिन!

एक छोटी गोष्ट सांगतो, मला फार आवडते. तुम्हाला वाटेल पफ, फोम ही सगळी आजची चैन. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्याला बर्फ पाठवला. शिडाच्या जहाजातून, तळ्यावर गोठलेला बर्फ कापून. चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडून. निघाला साधारण १८० टन, पोहोचला १०० टन. कॉम्प्रेसरचा प्रश्नच नव्हता. मग कसं जमलं? जहाजाच्या पोटात लाकडी खण, आणि बर्फाच्या भोवती लाकडाचा भुसा, कोरडा, ठासून. पुढे मुंबईतही हा बर्फ यायला लागला, त्यासाठी बर्फघर बांधलं गेलं. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, असा किस्साही सांगतात. पण मुद्दा काय? चार महिने! आणि आमचा बर्फ तीन दिवस टिकला नाही. भुसा कोरडा होता, आमचा थर्माकोल ओला होता.

मोठी दुरुस्ती लगेच शक्य नव्हती. सीझन चालू, पैसे नाहीत. मग आधी फुकटातल्या गोष्टी केल्या. झाकणावर ओलं गोणपाट, त्याच्या वर ताडपत्रीची सावली. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी. खणाच्या वरचा डेक पांढरा रंगवला, कारण गडद रंग ऊन पितो. मासळी आली की आधी समुद्राच्या पाण्याने धुवायची, सावलीत निवडायची, पटापट आत टाकायची. आणि माझ्या कोल्ड्रिंकवर बंदी. एवढ्यानेच फरक पडला, खोटं नाही सांगत.

मग १ जून आला. मासेमारी बंद, बोट किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेली. हाच वेळ. दोन महिन्यांत आम्ही खण नव्याने केला. जुना थर्माकोल सगळा काढला. लाकूड पूर्ण सुकू दिलं. पावसाळ्यात लाकूड सुकवणं म्हणजे काय, ते विचारू नका. मग चार इंचाची जागा ठेवून आतली भिंत उभी केली आणि मध्ये पफ ओतला. दोन द्रव असतात, ते मिसळले की फेस होऊन फुगतो आणि कडक होतो. जे घरी करायला जातील त्यांना सांगतो, मास्क आणि हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा, जवळ विडी-सिगरेट नको. आणि एकदम सगळं ओतू नका, थोडं थोडं ओता. एकदम ओतलं तर फुगताना फळी बाहेर ढकलतं. आमची एक फळी गेली म्हणूनच सांगतोय. शेवटी आतून सगळीकडे फायबरचा लेप, कोपरे गोल, कुठेही फट नाही. पाणी पफपर्यंत पोहोचता कामा नये. आणि इंजिनच्या बाजूला चारच्या जागी सहा इंच.

बाबा रोज येऊन बघायचे आणि एकच म्हणायचे, खण लहान झाला. खरं होतं! भिंत आतून दोन-दोन इंचांनी जाड झाली म्हणजे जागा जवळजवळ पाव हिश्शाने कमी. त्यांना मासळीची जागा गेलेली दिसत होती. मी म्हणत होतो, बर्फच कमी लागणार आहे, जागा तिथून परत मिळेल. ते मान हलवायचे. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळायचं नाही.

पाण्याचं काय करायचं, हाही मोठा प्रश्न. वितळलेलं पाणी वाईट नसतं, उलट बर्फाचं थंड पाणी माशांवरून ओघळतं तेव्हाच मासा लवकर थंड होतो. पण तळाशी साचलं की रक्त, चिकटा, जंतू सगळं त्यात, आणि खालचे मासे त्यातच भिजत पडतात. म्हणून खणाच्या तळाला उतार दिला आणि कोपऱ्यात पाइप. आता पाइप उघडा ठेवला तर थंड हवा त्यातून बाहेर जाते. मग त्याला वाक दिला, बेसिनच्या खाली असतो तसा. वाकात थोडं पाणी अडून राहतं, हवेला वाट बंद, जादा पाणी मात्र निघून जातं. आणि हा पाइप बोटीच्या तळात सोडायचा नाही, नाहीतर अख्खी बोट घाण मारते. वेगळ्या डब्यात पाणी घ्यायचं आणि बाहेर फेकायचं.

भरायची पद्धतही बदलली. निघण्याच्या आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून खण थंड करून घ्यायचा. तळाला बर्फाचा जाड थर, भिंतींना लागून बर्फ, मग मासे, मग बर्फ, मग मासे, सगळ्यात वर परत बर्फ. मासा भिंतीला चिकटता कामा नये. चुरा बारीक, म्हणजे माशाला सगळीकडून लागतो आणि लवकर थंड करतो. थोड्या लाद्या मात्र अख्ख्या ठेवायच्या, त्या हळू वितळतात, शेवटच्या दिवसाला फोडायच्या. आपल्यासारख्या गरम किनाऱ्यावर एक किलो मासळीला एक किलो बर्फ, हा साधा नियम धरा.

इतकी धडपड कशासाठी? तर दोन-चार अंशांसाठी. मासा शून्यावर जितके दिवस टिकतो, त्याच्या साधारण निम्मेच दिवस पाच अंशावर टिकतो. आणि दहा अंशावर पाव. म्हणजे जो मासा दहा दिवस चांगला राहिला असता, तो अडीच दिवसांत संपतो. दहा अंश म्हणजे आपल्या हाताला थंडगारच लागतं हो! हाताला फसू नका. बर्फाची मजा ही, की तो वितळत असेपर्यंत स्वतः शून्यावरच राहतो. बटण नाही, सेटिंग नाही. मासा बर्फाला टेकलेला आहे आणि बर्फ शिल्लक आहे, तर काळजी नाही.

आणि आमच्या स्वतःच्या खाण्याचं? दूध, मिरच्या-कोथिंबीर, आलं, कापलेला कांदा, कोणाचं औषध. त्यासाठी वेगळी छोटी पेटी केली, तिला वेगळा बर्फ. मोठा खण खाण्यापिण्यासाठी उघडायचाच नाही, हा नियम झाला. शिवाय खणातला बर्फ पाण्यात टाकून प्यायचा नाही. २०१८ पासून आपल्याकडे न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम आला, तो याचसाठी. निळी झाक दिसली तर तो सरबतात नको. तुम्ही गाडीवर गोळा खाता तेव्हाही हे लक्षात ठेवा.

नारळी पौर्णिमा झाली, बोट पाण्यात गेली. पण खरी परीक्षा ऑक्टोबरची. मला सुट्टी मिळाली नाही. मी यार्डात होतो, चार दिवस फोनकडे बघत. बोट लांब गेली की रेंज नसते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी करंज्याला जाऊन उभा राहिलो, कारण मागच्या वर्षी त्याच सुमारास ते परत निघाले होते. बोट आली नाही. रात्री आली नाही. आई म्हणाली घरी चल, मी नाही गेलो. डोक्यात सगळं येत होतं. इंजिन, वारा, सगळं.

पाचव्या दिवशी पहाटे आली.

काका आधी उतरले. मी विचारलं, काय झालं, एवढा उशीर? ते म्हणाले, काही नाही, तुझ्या बापाने अजून एक रात्र काढली. बर्फ होता.

बाबांनी मला काही सांगितलं नाही. त्यांचा स्वभावच नाही. आईने एक बांगडा उचलला, पोटावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि लगेच वर आला. तिने तो टोपलीत टाकला, दुसरा उचलला, मग तिसरा, आणि मग बघणं सोडून दिलं. टोपल्या भरायला लागली. मी खणात वाकून बघितलं. तळाशी अजून बर्फ होता, पांढरा, घट्ट. मी हात घातला तर मागून आवाज आला, "झाकन लाव रं!"

यावेळी बाबा होते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे बोट नाही, आम्ही काय करायचं? पिकनिकला थर्माकोलचा डबा नेताच ना? मग बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये थंड करून मगच डब्यात ठेवा. डब्यात रिकामी जागा ठेवू नका. गाडीत तो सावलीत ठेवा, वर ओला टॉवेल टाका. पाण्यासाठी एक डबा आणि खाण्यासाठी दुसरा, म्हणजे ज्याचं झाकण सारखं उघडतं तो वेगळा राहील. आणि मासळी घ्यायला जाल तेव्हा आमच्या आईसारखं करा. अंगठा दाबा. मासा वर आला तर घ्या. नाही आला तर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका, बांगडा असेल तर अजिबातच नाही. आणि बाजारातून घरी नेताना मावशीकडून मूठभर बर्फ मागून घ्या. देतात त्या, लाजू नका.

बर्फ कमी पडतोय असं वाटलं, की जास्त बर्फ घेण्याआधी एकदा विचारा, की तो जातोय कुठे. आमच्या घरात हा प्रश्न विचारायला एक पूर्ण फेरी बुडावी लागली.

चला, बाहेर रीफरची घरघर चालू झालीये, माझी ड्यूटी आहे. तुमच्या घरात अन्न थंड ठेवायची काही जुनी पद्धत असेल, मातीचा माठ, ओलं फडकं, विहिरीत सोडलेली कळशी, काहीही, तर मला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या चांगल्या पुढच्या भागात ऐकवीन.

तोपर्यंत मजेत राहा, आणि फ्रिजचं दार लावा. भेटूया!